लाकडी आकारांचा डबा, पाच महिने वापरून झाल्यावर

पुण्यात तुळशीबागेजवळच्या गल्लीतून घेतलेला लाकडी आकारांचा डबा, म्हणजे ज्याला सगळे शेप सॉर्टर म्हणतात तो, आमच्याकडे जूनपासून आहे आणि आता नोव्हेंबर संपत आला. घेतला तेव्हा लेक २ वर्षं २ महिन्यांची होती. इतके दिवस मुद्दाम काही लिहिलं नाही, कारण नवीन खेळणं पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच आवडतं, खरं काय ते दोन-तीन महिन्यांनी कळतं. आधीच सांगते, घ्या, पैसे वसूल आहेत. पण घरी आणल्यावर त्यात एक बदल करा. तो मला स्वतःला चार महिन्यांनी सुचला, तोही एक ठोकळा हरवला म्हणून.

आधी वस्तू काय आहे ते. साधारण १५ सेंटीमीटरचा चौकोनी लाकडी डबा, वर सरकवायचं झाकण, झाकणाला सहा भोकं आणि आत बारा ठोकळे, प्रत्येक आकाराचे दोन. गोल, चौकोन, त्रिकोण, आयत, अर्धा गोल आणि चांदणी. गोल निळा, चौकोन हिरवा, त्रिकोण लाल असे रंग आहेत आणि झाकणावरच्या भोकाच्या कडेलाही त्याच रंगाची पट्टी मारलेली आहे. किंमत ६८० सांगितली, ६५० ला दिला. कोपरे घासून गोल केलेले आहेत, कुस लागत नाही, रंग अजून निघालेला नाही आणि आमच्याकडे हे सगळं पहिले दोन महिने सतत तोंडात जायचं त्यामुळे ते मी रोज बघत होते.

हे घेण्याआधी मी ऑनलाईन एक प्लास्टिकचा सेट मागवला होता, नाव घेत नाही, ३०० च्या आतला होता. त्यात काय झालं, तर सगळे ठोकळे चौकोनाच्या भोकातून आत जायचे. गोल पण, अर्धा गोल पण, थोडा तिरका धरला तर त्रिकोण पण. लेकीला दोन दिवसांत ते कळलं आणि मग ती सगळं तिथूनच टाकायला लागली, तिचं काही चुकलं नाही, तिला डबा भरायचा होता आणि तिने रस्ता शोधला. पण मग त्या खेळण्याचा उपयोगच संपला ना. या प्रकारच्या खेळण्यात चूक झाली तर ते ठोकळ्यानेच सांगायला पाहिजे, आईने नाही. ठोकळा आत गेला नाही की मूल स्वतःच समजतं की इथे नाही, दुसरीकडे बघू. सगळंच आत जायला लागलं की मग 'नाही गं, तिकडे' असं आपल्याला म्हणावं लागतं आणि तिथे खेळ संपून परीक्षा सुरू होते.

म्हणून तुळशीबागेत मी पट्टी घेऊन गेले होते. खरंच. चौकोनाची बाजू आणि गोलाची रुंदी सारखी असेल तर गोल चौकोनाच्या भोकातून जाणारच, हे साधं गणित आहे, म्हणजे गोल हा चौकोनाच्या बाजूपेक्षा मोठा पाहिजे पण चौकोनाच्या कर्णापेक्षा लहान पाहिजे, तरच दोघंही एकमेकांच्या भोकात जाणार नाहीत. या डब्यात चौकोन साडेतीन सेंटीमीटर आणि गोल ४.२ आहे. साडेतीनचा कर्ण जवळपास पाच येतो. म्हणजे बनवणाऱ्याने विचार केलाय. दुकानातल्या काकांनी झाकण काढून डबा खाली ठेवला आणि म्हणाले, 'ताई, पट्टी राहू दे, पोरीलाच बसवा खाली.' आणि तिला तिथेच पायरीवर बसवून दहा मिनिटं खेळू दिलं, मागे गिऱ्हाईक उभं असताना. हे मला फार आवडलं.

एक चूक मात्र आहे, अर्धा गोल आयताच्या भोकातून जातो. आपली करंजी वडीच्या भोकातून जाते असं समजा. त्याने फार बिघडत नाही पण माहीत असू दे.

आता वापराबद्दल. पहिल्या आठवड्यात फक्त गोल जायचा. बाकी सगळे ती भोकावर ठेवून वरून दाबायची, मग थोपटायची, मग चिडून फेकायची. मला वाटलं लवकर घेतला का काय. माझी आई हडपसरला एका वस्तीतल्या बालवाडीत २६ वर्षं होती, ती आली आणि दाराशी उभी राहून थोडा वेळ नुसती बघत बसली, मग मला म्हणाली, 'अगं तू हात मागे घे आधी.' कारण मी दर वेळी लेकीचं मनगट धरून ठोकळा फिरवून देत होते. आईचं म्हणणं, गोल कसाही धरला तरी जातो, फिरवावाच लागत नाही, म्हणून तो सगळ्यात आधी जमतो. चौकोन चार प्रकारे बसतो, त्रिकोण तीन, आयत दोनच आणि अर्धा गोल फक्त एकाच बाजूने. म्हणजे जितके कमी प्रकार तितकं जास्त फिरवावं लागणार, आणि ते फिरवणं म्हणजेच तर शिकणं आहे, ते तूच करून दिलंस तर तिच्याकडे टाकणं तेवढं राहिलं. मी शाळेत दहावीपर्यंत भूमिती शिकले पण हे असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग आम्ही चांदणी, आयत, अर्धा गोल आणि त्रिकोण कपाटात ठेवले. फक्त गोल आणि चौकोन, बारा ठोकळ्यांऐवजी चारच. आठ-दहा दिवसांनी त्रिकोण आणला. ऑगस्टमध्ये आयत. हे बॉक्सवर कुठे लिहिलेलं नाही, तिथे नुसतं '१८ महिन्यांपासून पुढे' असं आहे, त्यामुळे लोक पहिल्याच दिवशी बाराही ठोकळे समोर ओततात आणि मग मुलाला जमत नाही म्हणतात. बनवणाऱ्यांनी एक छोटा कागद घालायला हवा, मराठीत, की दोन आकारांनी सुरू करा.

अजून एक आईने सांगितलेलं. नाव आधी शिकवायचं नाही. आधी सारख्याला सारखं लावणं, मग 'गोल कुठे आहे, दे बरं' म्हटल्यावर ओळखून देणं, आणि 'हे काय आहे' हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो, पाहुणे आले की 'सांग सांग, हा कुठला शेप' म्हणून उभं करतो. मॉन्टेसरीबाईंची तीन पायऱ्यांची पद्धत याच्याच जवळची, फक्त तिथे पहिल्या पायरीला 'हा गोल' असं नाव सांगतात, आणि त्यांनी ती घेतली सेगँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांकडून, एकोणिसाव्या शतकात ते बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम करायचे. आकार कोरलेल्या फळीत तसेच ठोकळे बसवायचे, ती फळी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मॉन्टेसरीबाईंनी रोममध्ये १९०७ ला वस्तीतल्या मुलांसाठी पहिलं बालगृह काढलं, पुढे १९३९ ला त्या भारतातही आल्या होत्या. पण आईच्या तोंडात नाव असतं ते ताराबाई मोडकांचं. ताराबाईंनी १९४५ ला बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि महागडी लाकडी साधनं आपल्या खेड्यातल्या पोरांना कुठून मिळणार म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे असं आजूबाजूला मिळेल ते वापरलं. आई म्हणते आमच्या बालवाडीत तर डब्यांची झाकणंच होती, जमिनीवर खडूने झाकणाभोवती रेघ ओढायची आणि मुलांनी आपापलं झाकण शोधून आणून त्यावर ठेवायचं, तीस मुलं आणि एक खडू.

हे आम्ही घरी केलं. स्वयंपाकघरात फरशीवर मिसळणाच्या डब्याचं झाकण, चौकोनी टिफिन, आयताकृती साबणाची डबी, वाटी, सगळ्यांच्या बाहेरून खडूने रेघ ओढली. ठोकळा भोकात घालण्यापेक्षा हे अवघड असतं हं, कारण इथे वस्तू जाड आणि चित्र सपाट, आणि चुकलं तर अडवायला भोकाची कड पण नाही, नजरेनेच ठरवायचं. पण तिला हे इतकं आवडलं की संध्याकाळी भाकरी करताना ती पायाशी बसून हेच करत असते. मोबाईलवर असेच खेळ असतात, एक दिवस बघितला लावून, आकार जवळ नेला की तो आपोआप जाऊन चिकटतो, मनगट वळवायची गरजच नाही. काढून टाकला.

आता मुख्य गोष्ट.

सप्टेंबरपर्यंत लेक सहाही आकार पटापट टाकायला लागली होती. मी खूश, नवरा खूश, व्हिडिओ काढून झाले, आत्याला पाठवून झाले. मग ऑक्टोबरमध्ये एक लाल त्रिकोण गॅलरीतून खाली पडला आणि पन्हाळीच्या जाळीतून आत गेला. दुकानात फोन केला तर सुटा ठोकळा मिळत नाही म्हणाले, ते त्यांच्याही हातात नाही, माल पूर्ण सेटमध्येच येतो. आमच्या सोसायटीत एका फ्लॅटचं फर्निचरचं काम चालू होतं, तिथल्या सुतारकाकांना उरलेला त्रिकोण नेऊन दाखवला, त्यांनी पट्टीपेन्सिल घेऊन माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सागवानाच्या तुकड्यातून तंतोतंत तसा कापून, घासून आणून दिला. पैसे घेतले नाहीत. रंग वगैरे काही नाही, नुसतं लाकूड.

तो मी डब्यात टाकला आणि लेक खेळायला बसली. निळा गोल गेला, हिरवा चौकोन गेला, लाल त्रिकोण गेला, सगळं नेहमीसारखं. मग हा सागवानी त्रिकोण हातात घेतला आणि थांबली. झाकणाकडे बघतेय, ठोकळ्याकडे बघतेय. गोलावर नेऊन ठेवला. मग चांदणीवर. मग आयतावर. मग माझ्याकडे बघून 'नाही आहे' म्हणाली, म्हणजे याचं घर नाहीये. मी तशीच बसून राहिले. माझ्या लक्षात आलं की चार महिने ती आकार बघतच नव्हती, रंग बघत होती. लाल ठोकळा लाल पट्टीत. फिरवून बसवणं तिला हाताने येत होतं पण कुठे बसवायचं हे रंग सांगत होता.

त्या दिवशी मी काही बोलले नाही, आईचं वाक्य आठवून हात मांडीखाली घेतले. तीन दिवस तो ठोकळा बाजूला पडून होता, बाकी सगळे टाकून झाले की तो सोडून द्यायची. चौथ्या दिवशी तिने डबा उघडून लाल त्रिकोण बाहेर काढला, एका हातात लाल, एका हातात सागवानी, आणि दोन्ही एकमेकांवर ठेवले. आधी टोकं जुळली नाहीत, वरचा फिरवला, मग तिन्ही टोकं बरोबर एकावर एक आली. तिने वरून बोट फिरवलं, एक कड, दुसरी कड, तिसरी. आणि मग लाल बाजूला ठेवून सागवानी उचलला आणि सरळ त्रिकोणाच्या भोकात. 'ठक' आवाज आला आणि तिने माझ्याकडे बघितलं पण नाही, लगेच झाकण सरकवून तो परत काढला आणि परत टाकला, सात-आठ वेळा तरी.

त्या रात्री मी झाकणावरच्या सगळ्या रंगीत पट्ट्यांवर मास्किंग टेप लावून टाकली. हाच तो बदल. घेतल्या घेतल्या करू नका असंही मी म्हणेन, अगदी लहान मुलाला सुरुवातीला रंगाची मदत बरी पडते, पण सगळे आकार रंगाच्या आधाराने जमायला लागले की टेप लावा आणि मग बघा तुमच्या मुलाला खरंच काय येतंय. आमच्याकडे टेप लावल्यावर पहिले दोन दिवस परत सगळं चुकत होतं, मग आठवड्याभरात जमलं, आणि यावेळी ठोकळा उचलल्यावर ती आधी थांबून त्याच्याकडे बघते, मग टाकते. पूर्वी हे थांबणं नव्हतं. बनवणाऱ्यांना माझी अगदी मनापासून विनंती आहे, झाकण बिनरंगी ठेवा. नाहीतर बाराही ठोकळे एकाच रंगाचे द्या. दिसायला कमी छान दिसेल, दुकानात कमी उठून दिसेल, पण मुलाला जास्त मिळेल.

दुसरी तक्रार त्रिकोणाबद्दल. डब्यातला त्रिकोण तिन्ही बाजू सारख्या असलेला आहे, जवळपास सगळ्याच खेळण्यांत तसाच असतो, पुस्तकात पण तोच आणि तोही नेहमी टोक वर करून. मग मुलांना वाटतं तेवढाच त्रिकोण. मी लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे घेऊन लांबडे, बुटके, काटकोनाचे, एकदम निमुळते असे त्रिकोण कापले तर लेकीने निमुळत्याला 'पाल' म्हटलं आणि त्रिकोणाच्या ढिगात घेतलाच नाही. आता घेते. तसंच चौकोनाचं. डब्यातला चौकोन तिरका करून ठेवला की ती म्हणते शंकरपाळी. दिवाळीत माझ्यासोबत ओट्याशी बसून शंकरपाळ्या बघितल्यामुळे असेल. मग मी तोच ठोकळा फरशीवर ठेवून हळूहळू फिरवते, चौकोन, चौकोन, शंकरपाळी, परत चौकोन, आणि ती खदखदून हसते. तिला अजून कळलेलं नाही की तो सगळा वेळ एकच आकार आहे, कळेल, घाई नाही.

दुकानाकडे परत येते. आम्ही वनाजहून मेट्रोने जातो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची आणि मंडई स्टेशनला उतरायचं, तिथून चालत पाच-सात मिनिटं. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंगला जागा मिळत नाही. आणि मूल सोबत असेल तर मंडईची ती जुनी दगडी इमारत आवर्जून दाखवा, १८८६ ला बांधून झालेली, मधला उंच भाग अष्टकोनी आहे. परवा आम्ही तिच्याभोवती चालत एक कोपरा आला की टाळी, दुसरा आला की टाळी असं केलं, भाजीवाल्या मावश्यांनी पण टाळ्या वाजवल्या. परत येताना रस्त्यावर 'थांबा'ची लाल पाटी दिसली, ती पण आठ कोपऱ्यांची असते, तिने स्वतःहून टाळी वाजवली. आठ मोजता येत नाहीत तिला, पण मंडईसारखं आहे हे दिसलं.

सुरक्षिततेचं थोडक्यात, कारण बऱ्याच जणी हेच विचारतात. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, या डब्यावर तो तळाशी आहे, तुम्ही घ्याल तेव्हा उलटा करून बघा, तुळशीबागेत बिनमार्कचा माल पण त्याच रांगेत लावलेला असतो. ३ वर्षांखालच्या मुलांसाठी कुठलाही सुटा तुकडा साधारण ३.२ सेंटीमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावेल इतका छोटा नको, घशात अडकतो. यातली चांदणी सगळ्यात छोटी वाटली म्हणून मी घरी पुठ्ठ्याची नळी करून तपासली, मावत नाही. झाकण सरकवताना बोट चिमटतं, ते मात्र लक्ष द्यावं लागतं, आमच्याकडे दोनदा रडारड झाली.

पाच पैकी चार स्टार. अर्धा स्टार त्या रंगीत पट्ट्यांसाठी कापला आणि अर्धा सुटा ठोकळा मिळत नाही म्हणून. लाल त्रिकोण अजून डब्यातच आहे, पण लेक खेळायला बसली की आधी सागवानी शोधते आणि सगळ्यात शेवटी टाकते.